चार मिनिटांचा प्रवास आणि चार वर्षांचा उशीर



मागच्या महिन्यात इस्तंबूलला तीन दिवस मिळाले. सिर्केजीला लोकलमध्ये बसलो आणि चार मिनिटांत उस्कुदारला उतरलो. चढलो युरोपात, उतरलो आशियात. डोक्यावरून बॉस्फरसचा समुद्र गेला, पण कळलंही नाही. बायको म्हणाली, "एवढंच?"

तुर्कस्तान दोन खंडांत आहे हे आपण शाळेत पाठ केलं. प्रत्यक्षात त्याचा जेमतेम ३ टक्के भाग युरोपात, बाकी सगळा आशियात, म्हणजे अनातोलियात. एकूण आकार महाराष्ट्राच्या अडीचपट. मधली बॉस्फरसची सामुद्रधुनी सुमारे ३० कि.मी. लांब आणि सर्वांत अरुंद जागी फक्त ७०० मीटर रुंद.

तिच्याखालच्या या मारमाराय रेल्वेचं काम २००४ साली सुरू झालं. ठरलं होतं २००९, गाडी धावली २९ ऑक्टोबर २०१३ रोजी. उशिराचं मोठं कारण येनीकापी स्टेशन. तिथे खणताना चौथ्या शतकातलं थिओडोशियसचं बंदर लागलं. ओढ्याच्या गाळाने ते हळूहळू बुजलं होतं. ओल्या चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड कुजलं नाही. एक-दोन नव्हे, तब्बल ३७ जहाजं निघाली!

त्याच्याही खाली, आजच्या समुद्रपातळीपेक्षा खोल, नवाश्मयुगातली वस्ती सापडली. सुमारे ८००० वर्षांपूर्वीची. चिखलात माणसांच्या पावलांचे ठसे, शेकड्यांनी. जुन्या शहराचा इतिहास तोवर ग्रीक वसाहतीपासून, म्हणजे २७०० वर्षांपासून मोजत. तो एका खड्ड्यामुळे कितीतरी मागे गेला.

हे ठसे महत्त्वाचे का? आग्नेय तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपेचे दगडी खांब ११ हजार वर्षांहून जुने. मध्य अनातोलियात, कोन्याजवळ, चातालहोयुक हे गाव ९००० वर्षांपूर्वीचं; तिथे घरांमध्ये रस्तेच नव्हते, छपरातून शिडीने आत उतरायचं. अनातोलियातूनच शेती पुढे युरोपात गेली. येनीकापीची माणसं त्या वाटेवर, युरोपच्या उंबरठ्यावर राहत होती.

आता खरं सांगतो. हे वाचल्यावर मला आधी कीव आली ती तिथल्या प्रोजेक्ट मॅनेजरची. चार वर्षं उशीर! २०११ साली खुद्द पंतप्रधान एर्दोगान जाहीरपणे करवादले होते, की मडक्या-भांड्यांपायी काम अडलं. मी त्यांच्याच बाजूचा. दोन वर्षांपूर्वी आमची जुनी सिस्टीम बंद करताना तारीख गाठायची म्हणून पंधरा वर्षांच्या नोंदी पुढे न नेता पुसायला मीच होकार दिला होता. "कोण बघतंय?" हे माझेच शब्द. तीन महिन्यांनी एका ग्राहकाच्या जुन्या हिशेबासाठी त्याच नोंदी लागल्या. नव्हत्या. तारीख मात्र गाठली होती.

येनीकापीला तो खड्डा घाईने बुजवला असता तरी गाडी धावलीच असती, आणि काय गेलं हे कुणाला कळलंही नसतं. परतताना त्याच लोकलने येनीकापीपर्यंत गेलो. गर्दी होती, सगळे घाईत. आम्ही दोघं मात्र फलाटावर जरा वेळ थांबलो.

असो. तुमच्यापैकी कुणी चातालहोयुकला जाऊन आलं असेल तर जरूर लिहा. चूकभूल द्यावी घ्यावी.