नळ सांधला, प्रश्न तसाच राहिला

मुंबईसारख्या नगरीत पाण्याचा मुख्य नळ फुटला म्हणजे दोन गोष्टी हटकून घडतात. पहिली ही की, महापालिकेचे इंजिनियर व कामगार रात्रीचा दिवस करून तो सांधतात. आणि दुसरी ही की, तो सांधला गेल्याबरोबर तो फुटला कसा, हे विचारण्याचे लोक विसरून जातात. पहिली गोष्ट भूषणावह आहे यात शंका नाही. परंतु दुसरीमुळे पहिलीचे निम्मे मोल वाया जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि आज आम्हांस जे लिहावयाचे आहे ते या दुसऱ्या गोष्टीविषयीच होय.

प्रथम कामगारांचे श्रेय त्यांच्या पदरात टाकू. मोठ्या व्यासाचा पोलादी नळ सांधणे म्हणजे घरच्या गळक्या तोटीस चिंधी बांधणे नव्हे. दोन्ही अंगांचे व्हॉल्व्ह बंद करून नळातील पाणी उतरवावे लागते. खड्ड्यात साचलेले पाणी व चिखल पंपांनी उपसावा लागतो. मग खाली उतरून फाटलेला पत्रा कापावयाचा आणि नवा पत्रा बसवून त्याचे वेल्डिंग करावयाचे. इतके झाले तरी पाणी एकदम सोडता येत नाही. आत कोंडलेली हवा बाहेर जाऊ देत नळ सावकाश भरावा लागतो. घाई केली तर पाण्याच्या तडाख्याने तो दुसऱ्या एखाद्या कच्च्या जागी फुटावयाचा. शिवाय नळातील दाब नाहीसा झाला असता शेजारच्या गटाराचे पाणी बारीकसारीक भेगांतून आत शिरण्याचे भय असते ते निराळेच. असे काम जे अहोरात्र करतात त्यांचे नगरीवर उपकार आहेत.

आता दोन उदाहरणे घेऊ. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाणी नेणाऱ्या साडेपाच मीटर व्यासाच्या भूमिगत बोगद्यास ठाणे शहरात बोअरवेल खणताना इजा झाली व तो गळू लागला. त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून तीस दिवस मुंबईच्या पाण्यात पंधरा टक्के कपात जाहीर झाली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी अंधेरी येथे सीप्झजवळ मेट्रोच्या कामासाठी जमीन भेदीत असता वेरावली जलाशयाची १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. ती सांधण्यास दोन दिवसांहून अधिक काळ लागला आणि अंधेरी-जोगेश्वरीपासून घाटकोपर-कुर्ल्यापर्यंतच्या वस्त्यांस त्याची झळ पोहोचली. या दोन्ही ठिकाणी धरणीकंप झाला नव्हता, महापूर आला नव्हता, दैव आडवे आले नव्हते. खाली काय आहे याची खात्री न करता वरून भोक पाडले गेले, एवढेच. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास आपली म्हण हसते. येथे तर एकाने विहीर खणली म्हणून लक्षावधी लोकांस तहान लागली!

पंधरा टक्के हा आकडा कागदावर सौम्य दिसतो खरा. पण कपात काही कोणाच्या घागरीत मापून पडत नसते. ज्याच्या इमारतीखाली मोठी टाकी आहे, त्याला ती जाणवतही नाही. टेकडीवरच्या वस्तीत, नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला जो राहतो, त्याच्याकडे दाब उतरताच पाणी चढतच नाही. त्याचे पंधराचे शंभर टक्के होतात. खाणावळवाला व रंगाऱ्याचा कारखाना टँकरवाल्यापुढे हात जोडतो, आणि टँकरवाला त्या दिवशी जो भाव सांगेल तो द्यावा लागतो. शिवाय हे पाणी मुंबईचे स्वतःचे नाही. तानसाचे पाणी १८९२ सालापासून, आणि त्यानंतर वैतरणा व भातसा यांचे पाणी मुंबईने दुरून आणलेले आहे. ही धरणे ज्या मुलखात आहेत, त्या शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. त्यांच्या दारावरून आणलेले पाणी एका ड्रिलच्या टोकाने मातीत जावे, यासारखा अन्याय नाही.

मग कायदा काय करतो? सार्वजनिक मालमत्तेच्या हानीस प्रतिबंध करणारा १९८४ चा अधिनियम आहे, आणि पाणीपुरवठ्याच्या साधनांस इजा करणारास त्यात पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. वाचून मोठा दिलासा वाटतो. परंतु हा गुन्हा 'आगळीक' या सदराखाली येतो, आणि आगळीक शाबीत होण्यास उद्देश तरी हवा किंवा नुकसान होण्याचा संभव असल्याची जाणीव तरी हवी. बोअर खणणारा कोर्टात उभा राहून सांगणार, 'खाली बोगदा आहे हे मला कोणी सांगितले होते?' हे उत्तर खरे असेल तर न्यायाधीशाने त्यास शिक्षा करावी असे आम्हीही म्हणणार नाही. तो काही नगरीचा शत्रू नव्हे, त्यालाही पाणीच हवे होते. यास्तव कायद्याची धार वाढवून उपयोग नाही. खणण्यापूर्वी त्यास जाणीव करून देणे, हाच खरा उपाय होय.

कोणी म्हणेल, माझ्या जमिनीत मी खणीन, विचारावयाचे कोणास? जमिनीखालचे पाणी उपसण्याचा मालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मान्य केला आहे, हे खरे. पण तो निश्चित प्रवाहातून न वाहणाऱ्या पाण्यापुरताच. बोगद्यातील पाणी कोणाच्याही अंगणाचे धन नव्हे.

उपाय आम्ही एका वाक्यात सांगतो: जमिनीत ठराविक खोलीपलीकडे भोक पाडू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने, तो एक घरमालक असो की मेट्रोचा बडा ठेकेदार, आधी लेखी विचारावे आणि त्यास मुदतीत लेखी उत्तर मिळावे. उत्तर हाती असूनही ज्याने भोक पाडले, त्याची जाणीव शाबीत झाली. मुदतीत उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी आली. 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी याच हेतूने सुरू केले. वेरावलीची वाहिनी त्यानंतर आठ महिन्यांनी फुटली. तेव्हा नुसते साधन निर्माण करून भागत नाही. विचारल्यावाचून खणण्याची परवानगीच मिळू नये, असा दंडक हवा. बोगदा मुंबईचा आणि हद्द ठाण्याची असल्यास दोन्ही पालिकांचे नकाशे एकमेकींपाशी असलेच पाहिजेत. आपल्या वखारीत कोणता माल कोठे ठेवला आहे हे ज्या व्यापाऱ्यास ठाऊक नाही, त्याची पत बाजारात किती दिवस टिकेल?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, असे नकाशे खुले केले तर दुष्टांच्या हाती लागतील. पण सारा नकाशा चव्हाट्यावर मांडा, असे आम्ही म्हणतच नाही. विचारणाऱ्याच्या भूखंडापुरते उत्तर पुरे आहे. दुसरा, आणखी एक परवाना म्हणजे चिरीमिरीची आणखी एक खिडकी. हे भय खोटे नव्हे. म्हणूनच मुदत आणि लेखी उत्तर यांवर आमचा भर आहे. जेथे मौनाची किंमत अधिकाऱ्यास मोजावी लागते, तेथे मौन विकता येत नाही.

शेवटी एक गोष्ट. २०२३ साली ही दोन्ही संकटे आली तेव्हा मुंबई महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. सभागृहात उभे राहून 'हे कसे घडले?' असे विचारणाराच कोणी नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि ती सबब संपली. नव्या सभासदांनी आपल्या प्रभागातील उद्घाटनांच्या कोनशिला मोजण्यापूर्वी एवढे करावे: या दोन्ही प्रकरणांत परवानगी कोणी दिली, नकाशा कोणी पाहिला, भरपाई किती वसूल झाली, याचा जबाब मागून तो लोकांपुढे ठेवावा. स्वराज्य म्हणजे आपल्या पैशाने सांधलेल्या नळाचा हिशेब आपण मागणे. तो मागितला नाही, तर बैल गेल्यावर झोपा करण्याचे श्रम आपले कामगार पुन्हापुन्हा करीत राहतील, आणि टेकडीवरची घागर पुन्हापुन्हा रिकामी राहील.