कौंडण्यपूरपासून डोंगरगावापर्यंत

ज्या मुलखातील राजकन्येने, थोरल्या भावाने शिशुपालाशी परस्पर ठरविलेली सोयरीक अमान्य करून, आपल्या मनातील पुरुषास पत्र लिहिले आणि ते एका ब्राह्मणाच्या हाती थेट द्वारकेस रवाना केले, त्या मुलखाची प्रसन्न प्रेमकथा चित्रपटाच्या पडद्यावर इतकी दुर्मिळ असावी, याचे शल्य मला फार दिवसांचे आहे. रुक्मिणीचे कौंडण्यपूर आमच्या तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठी आहे. तिचे हरण अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून झाले, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. आणि महानुभाव कवी नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत मराठी कवींनी तिचे स्वयंवर मोठ्या प्रेमाने गायिले आहे.

पडद्यावरील वऱ्हाडी माणूस मात्र एक तर हसविण्यासाठी येतो, नाही तर कर्जापायी मरण्यासाठी. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावतीच्या गुणी नटाने आमची बोली महाराष्ट्राच्या घराघरांत नेली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. परंतु याच बोलीत माणसे रुसतात, वाट पाहतात, ‘काऊन उशीर झाला वं?’ एवढ्या चार शब्दांत दिवसभराची काळजी बोलून दाखवितात, हे पाहण्याची संधी प्रेक्षकास क्वचितच मिळते. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) या चित्रपटात ती मला प्रथम लाभली. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर भयभीत झालेली अलका आपल्या नवऱ्यावर अहोरात्र पहारा ठेवते, लहानग्या मुलास त्याच्या मागोमाग धाडते, त्याच्या आवडीचे रांधून घालते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी रंगविलेला तो संसार लोकांनी शेतकऱ्याची शोकांतिका म्हणून पाहिला, आणि ती शोकांतिका आहेच. परंतु त्या पहाऱ्यातील विनोद आणि त्यामागची अलकेची माया यांमुळे मी त्यास वऱ्हाडातील एक उत्कट प्रेमकथा मानतो.

त्यानंतर जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’. त्यातले डोंगरगाव हे चंद्रपूर जिल्ह्यातले, म्हणजे वऱ्हाडच्या सरहद्दीपलीकडचे. पण तिथला कापूस, तिथली चिंता आणि तिथली बैठक आमचीच. समाजशास्त्र शिकणारी, स्पर्धा परीक्षेचे स्वप्न पाहणारी सविता पुनःपुन्हा पाहुण्यांपुढे बसविली जाते आणि नाव, उंची, शिक्षण, छंद यांविषयीचे तेच ते प्रश्न, जणू एखाद्या दफ्तरातील तपासणी चालली असावी, तशा निर्विकारपणे तिला विचारले जातात. आणि चित्रपटाच्या आरंभी तर सवितेच्या स्वप्नात बायका पाटावर मुलाला बसवून त्याची अशीच उलटतपासणी करतात. तिच्या मनात एका तरुण प्राध्यापकाविषयी अनुराग आहे, परंतु तो बोलून दाखविण्याची मुभा तिला नाही. नंदिनी चिकटे हिच्यासह बहुतेक पात्रे तिथल्याच, अभिनयाचा पेशा नसलेल्या माणसांनी उभी केली असून, या अल्प खर्चाच्या चित्रपटास 2023 साली टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला; मार्च 2025 मध्ये तो आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. त्यातील विनोद हसविता हसविता लाज आणणारा आहे, आणि रुक्मिणीला जे पत्र लिहिता आले ते सवितेला का लिहिता येऊ नये, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनातून सहजी जात नाही.

प्रेमकथेस मोठा खर्चवेच लागत नाही, हे सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने 2010 सालीच सिद्ध केले: मुक्ता बर्वे, स्वप्नील जोशी, पुणे शहर आणि एक दिवस. तिथेही मुलगी आली होती ती स्थळ पाहावयास. मग अकोल्याच्या मोर्णाकाठी, कृषी विद्यापीठाच्या शिवारात, किंवा मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे पूर्वी धावणाऱ्या आणि आता थांबलेल्या ‘शकुंतला’ आगगाडीच्या एखाद्या ओस स्थानकावर दोन माणसांना दिवसभर बोलत का ठेवू नये? आणि ती माणसे शहरी प्रमाणभाषेत बोलू लागली, तर तो चित्रपट न काढलेलाच बरा, इतके माझे मत कठोर आहे.

प्रदर्शनाचा प्रश्न मात्र अवघड आहे. 1956 साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, सी. पी. अँड बेरार हा प्रांत कधीच गेला; तरी चित्रपटाच्या बाजारात ‘सी. पी. बेरार’ हा इलाखा अद्याप नांदतो, आणि त्याच्या वितरकांच्या कचेऱ्यांचे एक मोठे ठाणे अमरावती हे होते. राजकमल, प्रभात, चित्रा ही टॉकीजांची नावे आमच्या चौकांना अजून आहेत. या गावाने इतरांचे चित्रपट इलाखाभर पोचविले. आता आपल्या मुलामुलींनी आपल्या बोलीत काढलेल्या लहानशा प्रेमकथेसाठी अमरावती-अकोल्याच्या चित्रपटगृहांनी निदान पहिला आठवडा सायंकाळचा खेळ राखून ठेवावा, सकाळच्या अवेळी तिची बोळवण करू नये, आणि महाविद्यालयांनी आपली सभागृहे तिच्यासाठी खुली करावीत, एवढी माझी विनंती आहे.