विश्लेषण : जपानी ‘आरपीजी’ पाश्चात्त्य बाजार पुन्हा जिंकतील?

‘फायनल फँटसी ७’ने १९९७ मध्ये अमेरिका-युरोपला जपानी रोल-प्लेइंग गेमचे वेड लावले. पुढे ही लाट ओसरली. ती परत येऊ शकते का?

ओहोटी का लागली?

प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६०च्या काळात गेमनिर्मितीचा खर्च वाढला आणि जपानी स्टुडिओ अडखळले. त्याच काळात ‘स्कायरिम’सारख्या (२०११) पाश्चात्त्य गेमनी मोकळे जग आणि हवी ती वाट निवडण्याची मुभा दिली. पाळीपाळीने वार करण्याची जपानी पद्धत जुनाट ठरवली गेली.

पद्धत बदलून काय साधले?

‘फायनल फँटसी १६’ने (२०२३) थेट मारधाडीची वाट धरली. तरीही अपेक्षा पूर्ण झाल्या नसल्याचे स्क्वेअर एनिक्स कंपनीनेच मान्य केले. सुरुवातीला फक्त प्लेस्टेशन ५वर येण्याचाही फटका बसला असावा. याउलट ‘मेटाफर : रेफँटाझिओ’ने (२०२४) पाळीची लढाई कायम ठेवली. हा गेम अनेक मंचांवर, जगभर एकाच दिवशी आला आणि पहिल्याच दिवशी दहा लाख प्रती खपल्या.

खरे आव्हान कोणाचे?

२०२५ मध्ये ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’ या फ्रेंच गेमने याच जपानी धाटणीवर तीन दिवसांत दहा लाखांचा टप्पा गाठला. म्हणजे ग्राहक आहे. पण जपानची मक्तेदारी उरलेली नाही. पाश्चात्त्यांची नक्कल करत राहिल्यास जपानी कंपन्या आपल्याच मैदानात मागे पडतील. आटोपशीर खर्च, सर्व मंचांवर एकाच वेळी प्रकाशन आणि स्वतःच्या शैलीवर विश्वास, हाच परतीचा मार्ग आहे.