पत्रांच्या माथी बिंदू

सय्यद हैदर रझा यांनी फ्रान्सहून चित्रकार-मित्र क्रिशन खन्ना यांना लिहिलेली पत्रे उघडणारा अभ्यासक बहुधा निष्कर्ष आधीच ठरवून बसलेला असतो. मंडला जिल्ह्यातील रानावनातले बालपण, गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर काढलेला ठिपका, त्यातून पुढे उमललेला बिंदू. पत्रांनी केवळ साक्ष द्यायची. जबलपूरचा अभिमानी रसिक आणि मुंबईचा कलासमीक्षक यांचे एवढ्यापुरते तरी एकमत असते.

या वाचनाला कालक्रमाचेही भान नाही. पत्रव्यवहाराचा आरंभ १९५०नंतरच्या दशकातला. बिंदू रझांच्या चित्रात ठाण मांडतो तो १९८०च्या आसपास. मधल्या काळात ते फ्रान्समधील निसर्गदृश्यांतून, तैलरंगाच्या जाड थरांतून अमूर्ताकडे वाट काढत होते. त्या वर्षांच्या पत्रांत नर्मदा शोधणे म्हणजे उत्तर पाहून गणिताची रीत रचणे होय. खन्ना तर १९६१पर्यंत बँकेत नोकरी करीत होते. अशा दोन मित्रांच्या पत्रांत प्रदर्शने, स्नेह्यांची खुशाली, हातातले काम यांनाच जागा मिळावी, हे स्वाभाविक. तो मजकूर क्षुल्लक म्हणून ओलांडणाऱ्यांना अमूर्त चित्र पैसा, श्रम आणि मैत्री यांवाचून उभे राहते असे वाटते काय?

२०१६मध्ये मंडल्यास वडिलांच्या कबरीशेजारी रझांचे दफन झाले. परंतु त्या कबरीवरून साठ वर्षांपूर्वीच्या पत्रांचा अर्थ लावता येत नाही.