बंडी विकायची आहे

आमच्या गावाकडच्या घरी सध्या एकच विषय चालू आहे. बंडी आणि बैलजोडी विकायची, पण कशी? कितीला, हा प्रश्न नंतरचा. कशी, कुठे आणि कोणाला, यावरच घरातल्या चार माणसांची पाच मतं आहेत!

आमची शेती वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. काकाजींनी सत्तरी ओलांडली, गुडघ्यांनी असहकार पुकारला, सालगडी मिळेना. शेवटी शेत मक्त्यानं दिलं. मक्त्यानं करणाऱ्याकडे ट्रॅक्टर आहे. त्याला आमची लाकडी चाकांची बंडी नको, आणि दावणीची जोडीही नको. आम्ही पुतणे मंडळी पुण्या-नागपुरात. म्हणजे गोठ्यात तीन गोष्टी उरल्या: एक सागाची बंडी, एक सात वर्षांचा भुऱ्या आणि एक चौदा वर्षांचा मोत्या. (मोत्याचा मूळ जोडीदार मागेच गेला, त्याच्या जागी भुऱ्या आला. म्हणून वयात एवढा फरक.)

हे काही आमच्याच घरचं नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट! गाई मात्र त्याच काळात वाढल्या. गाय दूध देते, म्हणून तिला जागा आहे. बैलाचं काम ट्रॅक्टरनं घेतलं. ज्या भागानं देशाला गवळाऊसारखी चपळ, हलक्या बांध्याची, पांढरीशुभ्र बैलांची जात दिली त्या वर्धा जिल्ह्यातही दारोदारच्या दावणी रिकाम्या होत चालल्यात.

तर विकायचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग बैलबाजाराचा. चुलतभाऊ म्हणतो, टेम्पोत घाला आणि न्या, संध्याकाळी पैसे घेऊन परत. बाजाराचे फायदे खरे आहेत. एका जागी पन्नास गिऱ्हाईकं भेटतात, बैलाचे दात बघितले जातात, त्याला चालवून बघितलं जातं, रीतसर पावती होते. पण बाजारातला सौदा अजूनही पुष्कळदा रुमालाखाली होतो. दलाल आणि समोरचा माणूस कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही, आणि कधी कधी तो बाजूला उभा असलेला माणूस म्हणजे खुद्द मालकच असतो! शिवाय एक वेळेचं गणित आहे. बैल न विकता परत न्यायचा तर टेम्पोचं भाडं दुसऱ्यांदा पडतं. हे मालकाला माहीत असतं, दलालालाही असतं. म्हणून दुपारी चारनंतर भाव पडतो.

दुसरा मार्ग फोनवरचा. फोटो काढा, टाका, दोनशे किलोमीटरवरून फोन येतात. पण फोटोत दात दिसत नाहीत, मारका आहे की गरीब ते कळत नाही, आणि आपल्यालाही समोरचा कोण, कशासाठी घेतोय हे कळत नाही. कानात बारा अंकी बिल्ला हवा हे आता बरं झालंय. २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. पण बिल्ला जनावराची ओळख सांगतो, घेणाऱ्याच्या मनातलं सांगत नाही.

तिसरा मार्ग शंकरपटाच्या शौकिनांचा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून पळणाऱ्या गोऱ्ह्यांना जोरात मागणी आहे. पण भुऱ्याचं ते वय गेलं. मोत्याचं तर विचारूच नका.

चौथा मार्ग गावातल्या गावात. शेजारच्या शिवारातला एक लहान शेतकरी भुऱ्या मागतोय. चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. त्याच्याकडे एक बैल आहे, दुसरा हवाय. पैसे अर्धे आत्ता, अर्धे कापूस निघाल्यावर. बाजारापेक्षा किंमत कमी, आणि तीही उधारीवर. चुलतभावाचं म्हणणं, हा व्यवहार नव्हे, हा धर्मादाय झाला.

मला मात्र हाच मार्ग बरोबर वाटतो, आणि तो भावनेपोटी नाही. उभ्या पिकाच्या दोन तासांमधून डवरणी करायची तर लहान शेतकऱ्याला आजही बैलच लागतो. मोठा ट्रॅक्टर तिथे शिरत नाही. म्हणजे भुऱ्याला काम आहे आणि ते काम ज्याच्याकडे आहे तोच माणूस दारात उभा आहे. ज्याला वस्तूची खरी गरज आहे त्याच्याकडे बहुधा रोख पैसे कमी असतात, आणि ज्याच्याकडे रोख आहे त्याला ती वस्तू पुढे विकायची असते. मधला फरक म्हणजे दलालाचं पोट. तो फरक आपण आणि घेणाऱ्यानं वाटून घेतला तर त्यात धर्मादाय कुठे आला? शिवाय बैल कसा ठेवलाय हे रोज दिसतं. उधारी बुडेल का? बुडूही शकते. म्हणून इसार घ्यावा, चार माणसांसमोर बोलणं करावं आणि दोन ओळी कागदावर लिहाव्यात.

यात वेळेचाही प्रश्न आहे. काकूंचं म्हणणं, "यंदाचा पोळा होऊ द्या जी, मंग विका." त्यांचं मन मला कळतं. शेवटचा पोळा, शेवटची झूल, शेवटची पुरणपोळी. पण पोळा येतो श्रावणी अमावास्येला. तोवर डवरणी बरीचशी आटोपलेली असते. त्या शेतकऱ्याला बैल हवाय मृगाच्या आधी. पोळ्यानंतर बैल त्याच्या कामाचा निम्माच आणि कुटाराचा खर्च मात्र पूर्ण. पोळा भुऱ्याचा होणारच आहे, फक्त दुसऱ्या दारात.

आता खरा अवघड भाग. मोत्या.

दलालानं सुचवलं, "जोडीनंच इका ना भाऊ. नव्याच्या संगं जुना निंगून जाते." म्हणजे भुऱ्याच्या भावात मोत्या खपवायचा. ही युक्ती जुनी आहे आणि सर्रास चालते. पण चौदा वर्षांचा बैल घेणारा माणूस त्याला कामासाठी घेत नाही, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. आपण फक्त न विचारण्याचे पैसे घेतो.

१९७६ च्या महाराष्ट्रातल्या कायद्यानं गोहत्येला बंदी होती, पण निरुपयोगी ठरलेला बैल दाखला घेऊन कापायला देता येत असे. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीत आले. कापणं, त्यासाठी विकणं, त्यासाठी राज्याबाहेर नेणं, सगळंच गुन्हा. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कायदा चांगला की वाईट यावर मोठमोठे वाद झाले. मला त्यातलं एवढंच सांगायचंय, की म्हातारा बैल कायद्यानं नाहीसा होत नाही. तो रोज चारा खातो आणि त्या चाऱ्याचं बिल शेवटच्या मालकाच्या नावावर निघतं. पूर्वी म्हाताऱ्या बैलाचे चार पैसे यायचे, त्यात थोडी भर घालून गोऱ्हा घेतला जायचा. ते चक्र थांबलं. ज्यानं कायदा केला त्यानं हा खर्च कोणी उचलायचा ते नीट सांगितलं नाही. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्यानं रात्री जनावर सोडून दिलं, किंवा डोळे मिटून कोणाच्या हाती दिलं, तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पण आमची गोष्ट तशी नाही. घरात तीन नोकऱ्या आहेत. मोत्यानं दहा वर्षं ओढलेल्या कापसावर आमच्यातल्या दोघांच्या फिया भरल्या गेल्या. त्यामुळे मोत्या विकायचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गोशाळेत देता येईल, पण नुसता नेऊन बांधायचा नाही, त्याच्या चाऱ्याचे पैसे दरमहा द्यायचे. नाहीतर आपला खर्च आपण दुसऱ्याच्या दारात बांधून आलो, एवढंच. त्यापेक्षा मोत्या गोठ्यातच राहावा, भुऱ्याचे आलेले पैसे त्याच्या कुटाराला लावावेत आणि कमी पडतील ते आम्ही वाटून घ्यावेत.

राहिली बंडी. तिचं दुःख कमी, पण घाई जास्त. लाकडी चाकाची बंडी वापरात असते तोवरच धड असते. उन्हात उभी राहिली की लाकूड आकसतं, धाव सैल होते, आरे खुळखुळतात. मग तापवून धाव चढवणारा लोहार शोधावा लागतो. शेतकऱ्याला आता टायरची बंडी हवी. त्यामुळे या बंडीला गिऱ्हाईकं दोनच: फळ्यांसाठी घेणारा सुतार, किंवा हॉटेलच्या दाराशी शोभेला ठेवणारा. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, ग्रामोद्योगांसाठीच. पण गावागावातली प्रत्येक बंडी काही संग्रहालयात मावणार नाही.

काकाजींना विचारलं तर ते म्हणाले, "हाटेलात कायले? सुताराले दे. दार तरी होईन कोनाचं." मला वाटलं होतं त्यांना बंडी अखंड राहावी असं वाटेल. पण ज्या माणसानं ती चाळीस वर्षं हाकली त्याला तिचं प्रदर्शन नको होतं. मलाही पटलं. साग चांगला आहे, अजून दोन पिढ्या कोणाच्या तरी घराला पुरेल.

तर मे संपायच्या आत भुऱ्याचा कागद करायचा, सुताराला बोलवायचं आणि मोत्यासाठी कुटार भरून ठेवायचं. चुलतभाऊ अजून राजी नाही. त्याला हिशेब मांडून दाखवणार आहे, त्यात मोत्याच्या चाऱ्याचा खर्चही लिहिलेला असेल.