गाठ नेमकी कुठे आहे, हे आधी विचारा

मागच्या हिवाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अम्मीबरोबर वाशीतल्या आमच्या घरी आली. वय २२, बी.कॉम. झालेली, अब्बांचा एपीएमसी मार्केटमध्ये धंदा. सोनोग्राफीची फाईल अम्मीने ओढणीखाली दाबून धरलेली. "टीचर, हिच्या बच्चेदानीत गाठ आहे. कॅन्सरचा संशय आहे म्हणतात. बच्चेदानी काढली तर हिच्याशी निकाह कोण करेल?" मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

आम्ही डॉक्टर नाही, पण इंग्रजी रिपोर्ट वाचता येतो. गाठ बच्चेदानीत नव्हतीच. ती उजव्या अंडाशयात होती.

उर्दूत अंडाशयाला 'बैजादानी' म्हणतात, पण हा शब्द पुस्तकातच राहिला. आपल्या घरांत पोटाखालचे सगळे म्हणजे 'बच्चेदानी'. दुखले तरी तीच, गाठ झाली तरी तीच. म्हणून गाठ काढायची म्हटले की घरातले सगळे समजतात, आता मूल होणे संपले. बच्चेदानी एकच असते, तिच्यात मूल वाढते. अंडाशये दोन असतात, दोन्ही बाजूंना एकेक, आणि बीज तिथे तयार होते. एक काढले तरी दुसऱ्यावर पाळी येत राहते आणि दिवसही राहू शकतात. एवढी शरीररचना आम्ही वर्गात शिकवतो, घरी मात्र ती कुणी बोलत नाही.

अंडाशयातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही सांगून ठेवतो. पण संशय असेल तर ऑपरेशनआधी रक्ताच्या काही तपासण्या लागतात. मोठ्या बायकांत सीए-१२५ बघतात. कोवळ्या वयात वेगळ्या जातीच्या, बीजपेशींपासून होणाऱ्या गाठी जास्त आढळतात, म्हणून एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएचही बघतात. या मुलीला एका ठिकाणी तपासणीशिवायच सांगितले गेले होते, "दुर्बिणीने गाठ फोडून पाणी काढून टाकू, दोन दिवसांत घरी." अम्मीला ते सोयीचे वाटले होते, कारण मोहल्ल्यात अपेंडिक्स म्हणून सांगता आले असते. हाच खरा धोका. गाठ एका अंडाशयात असून तिचे कवच शाबूत असेल तर तो टप्पा १-ए. ऑपरेशनमध्ये ती फुटून आतले पोटात सांडले तर तोच आजार १-सी मोजला जातो आणि किमोची गरज पडू शकते. संशयाची गाठ सुईने रिकामी करायची नसते, ती अख्खी बाहेर काढायची असते.

आम्ही त्यांना कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवले. वाशीकरांना हे अवघड नाही. टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक केंद्र खारघरला, हार्बर लाइनवर सहाव्या स्टेशनावर आहे, आणि १९४१ पासूनचे मूळ हॉस्पिटल परळला, कुर्ल्याला गाडी बदलून. ते परळला गेले.

तिथे एलडीएच वाढलेले निघाले. डॉक्टरांनी सगळे मुलीला समोर बसवून सांगितले. उजवे अंडाशय आणि त्याची नळी अख्खी काढू. पोटातले पाणी आणि आतल्या पडद्याचे तुकडे तपासू, म्हणजे आजार कुठे पसरला आहे का ते कळेल. बच्चेदानी आणि डावे अंडाशय चांगले दिसले तर हात लावणार नाही. ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा गोठवून लगेच बघतात, पण तो निकाल कधी कधी चुकतो. म्हणून पक्का रिपोर्ट येईपर्यंत वाचवता येईल ते वाचवायचे. गरज पडली तर दुसरे ऑपरेशन करता येते, काढलेले अवयव मात्र परत बसत नाहीत.

प्रत्येकीला हे लागू नाही. मोठ्या वयात होणाऱ्या नेहमीच्या प्रकारात आजार अगदी सुरुवातीचा आणि मंद जातीचा असेल तरच असा विचार होतो, आणि पुढची कित्येक वर्षे तपासणी चुकवून चालत नाही. किमो लागणार असेल तर मुलांचा विषय ती सुरू होण्याआधी काढावा. डॉक्टर घाईत असतात, मुलगी लाजते, आणि अम्मी गप्प बसते. तेव्हा कोणीतरी विचारायला हवे, आणि संमतीच्या कागदावर काय काय काढायचे लिहिले आहे ते सहीआधी वाचून घ्यायला हवे.

पक्का रिपोर्ट आला: डिसजर्मिनोमा, टप्पा १-ए. किमो लागली नाही. अल्हम्दुलिल्लाह, दीड महिन्यात पाळी आली, तेव्हा अम्मीने आम्हाला सकाळी सात वाजता फोन करून ते सांगितले. ज्या गोष्टीचे नाव ती कधी घेत नव्हती, ती फोनवर मोठ्याने!

आता घरात नवा वाद आहे. एक स्थळ आले आहे आणि फुफीचे म्हणणे, काही सांगायचे नाही. मुलगी म्हणते, फाईल मी स्वतः दाखवणार. आमचे मत मुलीच्या बाजूने आहे, आणि ते आम्ही फुफीला सांगून बसलो आहोत. येत्या रविवारी ते लोक येणार आहेत.