सफरीची औषधपिशवी

हजला किंवा उमराहला निघालेल्यांच्या सामानात औषधांची एक पिशवी हमखास असते. तिच्यात तापाच्या, डोकेदुखीच्या गोळ्यांशेजारी 'पोट बिघडलं तर असू द्या' म्हणून अँटिबायोटिकची एक पट्टीही असते. कधी मागच्या आजारपणात उरलेली, कधी मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली. आज आम्हाला या पट्टीविषयीच बोलायचे आहे.

आपल्या आतड्यांत अब्जावधी जीवाणू राहतात. बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर उपयोगाचे. परमुलखात गेलो की तिथल्या अन्नपाण्यातून नवे जीवाणू पोटात येतात आणि त्यांतले काही औषधांना दाद न देणारे असतात. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून वर्गाचेच उदाहरण देतो. सगळे बाक भरलेले असतील तर नव्याला बसायला जागा मिळत नाही. अँटिबायोटिक घेतले की जुने, साधे जीवाणू मरतात आणि बाक रिकामे होतात. औषधाला न जुमानणारे मात्र टिकतात आणि तेच पसरून बसतात.

फिनलंडच्या संशोधकांनी २०१५ साली ४३० प्रवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना जुलाब झाले नाहीत आणि ज्यांनी अँटिबायोटिकही घेतले नाही, त्यांच्यापैकी ११ टक्के लोक असे जीवाणू पोटात घेऊन परतले. जुलाब झाले, पण अँटिबायोटिक घेतले नाही, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होते. जुलाबांवर अँटिबायोटिक घेतलेल्यांत ते ३७ टक्क्यांवर गेले.

नेदरलँड्समधल्या सुमारे दोन हजार प्रवाशांच्या अभ्यासात दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याच भागात, येऊन गेलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी असे जीवाणू सोबत नेले. म्हणजे परदेशाला नावे ठेवण्याची सोय नाही, आपणही ते वाटत असतो. हजला तर जगभरची माणसे एकत्र येतात. २०१३ च्या हजला गेलेल्या १२९ फ्रेंच हाजींची तपासणी झाली, तेव्हा अशा प्रतिकाराची जनुके जाण्यापूर्वी सुमारे १० टक्क्यांत आणि परतल्यावर जवळजवळ एक तृतीयांश लोकांत सापडली.

हे जीवाणू पोटात असले म्हणून माणूस लगेच आजारी पडत नाही. बहुतेकांच्या पोटातून ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निघून जातात. नेदरलँड्सच्या अभ्यासात मात्र ११ टक्के लोकांत ते वर्षानंतरही होते, आणि घरातल्या दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता १२ टक्के आढळली. घरात वयस्कर अम्मी असतील आणि हाच जीवाणू त्यांच्या लघवीच्या मार्गात शिरला, तर नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. मग इंजेक्शने, दवाखान्यात भरती.

म्हणून साधे जुलाब झाले तर आधी जलसंजीवनी घ्यावी. तिची पाकिटे पिशवीत असावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालावे. साधे जुलाब बहुधा दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, किंवा रुग्ण लहान मूल अथवा वृद्ध असेल, तर मात्र थांबू नये, डॉक्टरांकडे जावे. त्यांनी अँटिबायोटिक दिले तर ते सांगितल्याप्रमाणे अवश्य घ्यावे. आमचा विरोध औषधाला नाही, मनाने घेण्याला आहे.

आपल्याकडे अशा औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. परतल्यावर काही महिने शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुण्यात जराही हयगय करू नये. त्या काळात आजारी पडलात तर कुठे जाऊन आलात आणि तिथे कोणती औषधे घेतलीत, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. योग्य औषध निवडायला त्यांना त्याची मदत होते.

यंदा घरातले कोणी सफरीला निघत असेल, तर ती पिशवी त्यांच्यासोबत बसून एकदा उघडून पाहा.